मला जमेल का?

वर्गात गुरुजी विचारतात, “आता कोण वाचून दाखवील?” धडा तुम्हांला येत असतो. कठीण शब्दांचे अर्थही पाठ असतात. तरी तुम्ही मान खाली घालता. मनात येते, ‘आपली मराठी चुकली तर? मुले हसली तर?’ तेवढ्यात दुसराच कोणी उठून वाचू लागतो. मग दिवसभर चुटपुट लागून राहते, ‘अरे, हे तर मलाही आले असते!’

ही शंका फक्त तुमच्याच मनात येते, असे समजू नका. ज्यांच्या हाकेला साऱ्या देशाने ओ दिली, त्या महात्मा गांधींच्या मनातही ती होती.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. लहानपणी ते फार लाजाळू होते. शाळा सुटली, की ते पळतच घर गाठत. वाटेत कोणी बोलेल, चेष्टा करील, अशी त्यांना भीती वाटे. पुढे १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथे शाकाहारी लोकांच्या एका सभेसाठी त्यांनी भाषण लिहून नेले होते. ते जेमतेम एक पानभर होते. पण वाचायला उभे राहताच त्यांना समोरचे नीट दिसेना. अंग थरथरू लागले. अखेर ते भाषण दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले.

१८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन परत आले आणि मुंबईत वकिली करू लागले. त्यांचा पहिला खटला लघुवाद न्यायालयात होता. फी होती तीस रुपये. साक्षीदारांना प्रश्न विचारण्यासाठी ते उभे राहिले. पण एकही प्रश्न सुचेना. डोके गरगरू लागले. सारे न्यायालयच फिरत आहे, असे त्यांना वाटले. ते खाली बसले. “मला हा खटला चालवता येणार नाही. तुम्ही दुसरा वकील करा,” असे सांगून त्यांनी फी परत केली. परीक्षा तर ते उत्तीर्ण झाले होते. कमी होता तो अनुभव आणि स्वतःवरचा विश्वास.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे हिंदी लोकांना पदोपदी अपमान सोसावा लागे. गांधीजींना तर पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही रेल्वेच्या डब्यातून उतरवण्यात आले. प्रिटोरिया शहरात पोहोचल्यावर त्यांनी तेथील हिंदी लोकांची सभा बोलावली. शेठ हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी ती भरली. बहुतेक श्रोते मेमन व्यापारी होते. व्यापारात सचोटी ठेवावी, स्वच्छता पाळावी, सर्वांनी एक व्हावे, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. हे त्यांच्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण! या वेळी त्यांची वाणी अडली नाही.

असे कशामुळे झाले असेल? विचार करा. या वेळी ते विषयाची तयारी करून गेले होते. विषयही मनाला भिडलेला होता. ‘लोक मला काय म्हणतील?’ यापेक्षा ‘या लोकांसाठी काय करता येईल?’ हा प्रश्न मोठा होता.

त्याच सभेत गांधीजींनी आणखी एक गोष्ट सुचवली. ज्यांना इंग्रजी शिकायचे असेल, त्यांना शिकवण्याची तयारी त्यांनी दाखवली. तीन जण पुढे आले. एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. त्यांना वेळ मिळत नसे, म्हणून गांधीजीच त्यांच्याकडे जात. गिऱ्हाईक आले असेल, तर थांबून राहत. सुमारे आठ महिन्यांत त्यांतील दोघांना हिशेब ठेवण्याइतके आणि साधी पत्रे लिहिण्याइतके इंग्रजी येऊ लागले. गिऱ्हाइकांशी बोलता यावे, एवढीच न्हाव्याची इच्छा होती. परकी भाषा शिकायला ही मोठी माणसे लाजली नाहीत. मग आपण का लाजावे?

आता पुढची गोष्ट ऐका. ज्या मुंबईत गांधीजींना एक प्रश्नही विचारता आला नव्हता, त्याच मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ते बोलायला उभे राहिले. ‘चले जाव’चा ठराव त्या दिवशी मंजूर झाला. त्यांचे शब्द देशभर पोहोचले. आज त्या मैदानाला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात.

गांधीजींचा संकोच पूर्णपणे गेला होता का? नाही. तो कधीच पुरता गेला नाही, असे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिले आहे. उलट, त्या संकोचामुळे आपण मोजके बोलायला शिकलो, असे ते म्हणतात.

म्हणून भीती संपण्याची वाट पाहत बसू नका. धडा घरी दोनदा मोठ्याने वाचा. आधी बहिणीला किंवा मित्राला वाचून दाखवा. मग वर्गात हात वर करा. एखादा शब्द चुकेल, कोणी हसेलही. चुकलेला शब्द दुरुस्त करा आणि पुढचे वाक्य वाचा. ‘मला जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बाकावर बसून मिळत नाही. त्यासाठी उभे राहावे लागते.

शब्दार्थ
चुटपुट – मनाला लागून राहिलेली हुरहुर
पेढी – व्यापाऱ्याची कचेरी
सचोटी – प्रामाणिकपणा
संकोच – लाज, भिडस्तपणा

स्वाध्याय
१. मुंबईच्या न्यायालयात गांधीजींची फजिती कशी झाली?
२. प्रिटोरियातील सभेत गांधीजींनी कोणत्या गोष्टी सांगितल्या?
३. ‘मला जमणार नाही’ असे वाटत असूनही तुम्ही केलेल्या एका कामाविषयी पाच वाक्ये लिहा.