लाजेचे दहा हजार

ये, बस इथे झोक्यावर माझ्याशेजारी. आई आत सांजोऱ्या डब्यात भरतेय, पोरं गौराईपाशी गोंधळ घालताहेत. घटकाभर आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. आखाजीला धुळ्याहून आलीस तेव्हापासून बघतेय, मोबाइल वाजला की तू दचकतेस. दुपारी आमरसाच्या वाटीला हात लावला नाहीस. आईने "काय व्हयनं व?" विचारलं तर म्हणालीस, ऊन लागलं. ऊन लागलेलं माणूस बँकेचा मेसेज दहा वेळा उघडून बघत नाही गं.

दाखव. हं. परवा रात्री सव्वादोन वाजता, परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या नावाने, तुझ्या डेबिट कार्डावरून. कार्ड तुझ्या पर्समध्ये, तू गाढ झोपेत आणि ओटीपी आलाच नाही.

रडायचं नंतर. आधी फोन लाव, माझ्यासमोर. कार्डाच्या मागे छापलेलाच नंबर घे; गुगलवर 'कस्टमर केअर' शोधायला जाऊ नकोस, तिथे चोरांनीच आपले नंबर मांडून ठेवलेले असतात. कार्ड कायमचं बंद करायला सांग. 'हा व्यवहार मी केलेला नाही' हे वाक्य जसंच्या तसं बोल. तक्रारीचा नंबर आणि घड्याळातली वेळ, दोन्ही लिही. झालं? आता १९३०. ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. पैसे कुणाच्या खात्यात पडून असतील तर तिथेच गोठवायची खटपट इथून सुरू होते, म्हणून इथे तासातासाला किंमत. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते. मेसेज मात्र पुसू नकोस, तो तुझा पुरावा.

आता माझं ऐक. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

पाच वर्षं झाली असतील. माझ्याही कार्डावरून असेच १८,४०० गेले, एका फटक्यात. भिशीची उचल होती, सोनाराकडे जायचं म्हणून खात्यात ठेवलेली. सकाळी मेसेज पाहिला आणि पहिला विचार काय आला, सांगू? बँकेचा नाही, पोलिसांचा नाही. घरात काय ऐकावं लागेल, याचा. "ऑनलाइन साड्या घ्यायची हौस कुणाला होती?" हे वाक्य कुणी म्हणायच्या आत मला ऐकू आलं. मग गप्प बसले. कार्ड तेवढं ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं, जणू चोर तिथूनच येणार होता! कामाचे पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी बँकेत गेले, तेव्हा समोरच्या बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले.

ते मोजणं समजून घे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात निघालं, म्हणजे आपल्याकडच्या खातेदारांना 'आमची बँक लहान' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. त्यात म्हटलंय, चूक तुझी नसेल, बँकेचीही नसेल, मधल्या कुणाकडून माहिती फुटली असेल आणि मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तू कळवलंस, तर तुझं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंस, तर साध्या बचत खात्याला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० सोसावे लागतात. सात दिवस उलटले, की ज्या त्या बँकेचं धोरण. माझे ८,४०० परत आले. उरलेले दहा हजार चोराने नेले असं लोकांना वाटेल; मला विचारशील तर ते माझ्या लाजेने नेले.

आणि लाज कसली गं? २०१६ च्या ऑक्टोबरात देशभरातल्या बँकांना सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं बंद करावी किंवा बदलून द्यावी लागली. त्या लोकांनी काय पाप केलं होतं? एटीएममध्ये कार्ड घातलं, एवढंच. कुणी ओटीपी सांगितला नव्हता, कुणी लिंक दाबली नव्हती. यंत्रणेतच घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं तर तुला आठवत असेल. १९०६ ची बँक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आपल्याकडे कोल्हापुरातूनसुद्धा. एटीएम बँकेला विचारतं ना, खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी मध्येच आपला तोतया बसवला आणि तो प्रत्येक वेळी 'द्या' म्हणत राहिला. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. त्या बँकेने पोलिसांत तक्रार दिली, पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. एवढी जुनी बँक चारचौघांत 'आम्हाला लुटलं' म्हणते, आणि आपण सासूबाईंना काय वाटेल म्हणून मेसेज लपवतो!

ओटीपी का आला नाही, विचारतेस? आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीला तो लागतो, तो नियम आपल्या रिझर्व्ह बँकेचा. परदेशातल्या पुष्कळ दुकानांना तेवढी गरज नसते. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम झालं. पण २०२० च्या ऑक्टोबरपासून नवं कार्ड येतं ते परदेशी वापर बंद ठेवूनच. मग तुझा चालू कसा? आठव. दिवाळीत पुतण्याला गेम घेऊन दिलास ना? त्याने चालू केला, बंद करायचं दोघंही विसरलात. नवं कार्ड आलं की बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी ते बटण बघ. ऑनलाइन वापरही एरवी बंद ठेव, रोजची मर्यादा कमी कर. आणि बचतीच्या खात्याचं कार्ड दुकानात काढूच नकोस. खर्चापुरते पैसे असलेलं खातं वेगळं ठेव. पिठाच्या डब्यातून आपण वाटीभरच काढतो ना परातीत?

एक गोष्ट खरी खरी सांग. कुणाला ओटीपी दिला होतास? व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडलीस? लग्नसराईत हे फार चाललंय. नाही ना? मग तुझी बाजू भक्कम आहे. पण दिला असतास तरी मी हेच सांगितलं असतं. तेव्हा नियम कडक होतो, बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झालेल्या बाईने तर जास्तच पळायला हवं.

आता पुढचं. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. चूक तुझी होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, तुझ्यावर नाही. 'मॅडम, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल' असं कुणी म्हणालं, तर एवढंच म्हण, "तसं लेखी द्या." तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. आणि मधल्या काळात 'तुमचे पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा' असा फोन येईल. तो दुसरा चोर. ठेवून दे.

चल, डोळे पूस. आज रविवार, मेसेज आला तो शनिवार मोजायचा नाही, म्हणजे सोम, मंगळ, बुध हे तुझे तीन दिवस. फोन तर झालाच, तरी कागद हवा. अर्ज मी आत्ता लिहून देते, दोन प्रती. सकाळच्या एसटीने धुळ्याला जा, घरी जायच्या आधी शाखेत जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. घरी मात्र आज रात्रीच फोन करून सांग. आणि आता आत जाऊन आईला खरं काय ते सांग. माझे दहा हजारही सांगून टाक, म्हणजे बोलणी दोघींत वाटली जातील.