शाबासकीचा आठवडा

गटशिक्षणाधिकारी म्हणजे तालुक्यातल्या शाळांचा कारभारी. हाताखाली बीटांचे विस्तार अधिकारी, त्यांच्याखाली केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक आणि शिक्षक. मी हे काम बीड जिल्ह्यात केलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. कागदोपत्री या पदाचं काम पर्यवेक्षणाचं. लोकांच्या लेखी मात्र साहेब दोनच कामं करतात, नोटिसा काढतात आणि सत्काराला येतात. या दोन्हींच्या मधल्या आठवड्यात जे उमगलं ते लिहितो आहे.

१. सोमवार आपला नसतो

सोमवारी पंचायत समितीत समन्वय सभा. ती संपेपर्यंत व्हॉट्सॲपवर ‘अतितात्काळ’ लिहिलेले तीन-चार तक्ते येऊन पडलेले असतात. शौचालयांची संख्या, आधार अद्ययावत झालेले विद्यार्थी, यू-डायसमधल्या त्रुटी. दुपारी दोनपर्यंत माहिती द्या, नसल्यास ‘निरंक’ कळवा. हे टळत नाही आणि टाळूही नये, कारण त्यातल्या काही आकड्यांवर पुस्तकं आणि गणवेश येतात. पण हा सोमवार मंगळवारात, मंगळवार बुधवारात घुसायला लागला की थांबवावा लागतो. मी मंगळवार, बुधवार आणि गुरुवार दुपारपर्यंत शाळाभेटींना ठेवले आणि तक्ते विस्तार अधिकाऱ्यांत वाटून दिले. त्यावरून बोलणी खाल्ली, पण दिवस सोडले नाहीत.

कचेरीत बसून फक्त आकडे दिसतात आणि फोटो दिसतात. फोटो पाठवतो तो शिक्षक हुशार ठरतो. जो फळ्यासमोर उभा असतो त्याच्या हातात मोबाइल नसतो. त्यामुळे कचेरीतून कौतुक करायला गेलं तर ते हमखास फोटो पाठवणाऱ्याच्याच वाट्याला जातं.

२. परिपाठाच्या आधी पोचावं

उशिरा पोचलं की शाळा आपल्यासाठी सजलेली असते. परिपाठाच्या आधी पोचलं की ती स्वतःसारखी असते. झाडू कोणाच्या हातात आहे, पाणी कोण भरतं, उशिरा येणाऱ्या पोराला गुरुजी काय म्हणतात, हे त्या पंधरा मिनिटांत कळतं. नंतर वर्गात मागं बसायचं आणि सर्वांत हुशार मुलीची वही मागायची नाही. ती शिक्षक आपणहून दाखवतातच. शेवटच्या ओळीतल्या, खाली मान घालून बसलेल्या पोराची वही मागायची. तिच्यात लाल शाईनं नुसतं ‘पाहिले’ लिहिलंय की चुकलेलं उदाहरण पुन्हा सोडवून घेतलंय, यावर मी शिक्षक ओळखायला लागलो.

दुपारी खिचडी मुलांच्या पंगतीत बसून खावी. चव नोंदवायचं रजिस्टर प्रत्येक शाळेत असतं आणि त्यात रोज ‘चव चांगली’ असतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजारांच्या आसपास मानधन मिळतं आणि तेही कधी कधी दोन-दोन महिने रखडतं. एका वस्तीवर एक ताई स्वतःच्या परसातला शेवगा आणून वरणात घालत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला आम्ही पहिला सत्कार त्यांचा केला, शिक्षकांच्या आधी. काही गुरुजींची तोंडं वाकडी झाली. होऊ द्यावीत.

३. शेरा लिहायला दहा मिनिटं लागली पाहिजेत

शेरेबुकं चाळली की एकच वाक्य पानोपानी सापडतं: ‘शाळेस भेट दिली. काम समाधानकारक. योग्य त्या सूचना दिल्या.’ यात शाळेचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही. मी स्वतःला एक अट घातली. प्रत्येक शेऱ्यात एक तरी गोष्ट अशी हवी, जी त्या दिवशी त्या वर्गात बसलेल्या माणसालाच लिहिता येईल. उदाहरणार्थ, ‘तिसरीच्या मुली हातच्याची वजाबाकी काड्यांचे गठ्ठे सोडून करतात आणि का सोडला ते बोलून दाखवतात.’ एवढं पुरतं. विशेषणं लागत नाहीत. शिक्षक त्या पानाचा फोटो काढून घरी नेतात, हे मला खूप उशिरा कळलं.

इथं साताऱ्याच्या कुमठे बीटची आठवण काढायला हवी. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्षात आणला आणि राज्यभरातून शिक्षकांचे जथे तिथं पाहायला गेले. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर तर रीघच लागली. आमचेही शिक्षक जाऊन आले. परतल्यावर बहुतेकांनी फरशा रंगवल्या, काड्या, मण्यांच्या माळा आणि अंककार्डं आणली. ते चांगलंच झालं. पण माझ्या मते कुमठ्याची खरी गोष्ट फरशीवर नव्हती. पर्यवेक्षण करणारी बाई चुका टिपण्यासाठी नाही, तर मूल कसं शिकतंय हे शिक्षकांबरोबर पाहण्यासाठी वर्गात जात होती. रंग दुकानात मिळतो म्हणून त्याची नक्कल झाली. दुसऱ्या गोष्टीसाठी वेळ द्यावा लागतो.

४. कौतुकाचा फोन

शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याच्या टिपणवहीतून दोन-तीन नावं काढून फोन करायचो. पहिल्या वर्षी सगळीकडून एकच उत्तर: ‘साहेब, काही चुकलं का?’ एका मुख्याध्यापकांनी मला बोलूच दिलं नाही. पोषण आहाराचा साठा, हजेरी, शौचालयाचं कुलूप, सगळ्यांचा खुलासा करून टाकला. मी फोन केला होता तो त्यांच्या शाळेतल्या मुलींनी कबड्डीत बीट गाजवल्याबद्दल. आपल्या खात्यात वरून येणारा आवाज नेहमी कशासाठी येतो, ते यावरून समजावं.

५. गुणवंतांचा सत्कार एक दिवसाचा, शिष्यवृत्ती चार वर्षांची

निकाल लागायला लागले की गावोगाव बॅनर झळकतात. शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएस. बॅनरवर नेत्यांचे चेहरे मोठे आणि पोराचा फोटो खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा. यावर कुढण्यात मी फार शक्ती घालवली नाही. आमच्या कार्यक्रमांत बॅनर नको एवढा नियम केला आणि फुलांच्या पैशांत शब्दकोश घेतले.

जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवडल्या गेलेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. चार वर्षांचे होतात 48,000. डोंगरातल्या घराला ही रक्कम लहान नाही. पण पहिला हप्ता सुरू होण्यासाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं आणि पुढं दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेतून मूल ही परीक्षा देतं, ती बहुधा आठवीला संपते. मूल दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातं. जुन्या शाळेला वाटतं आता ते हायस्कूलचं, हायस्कूलला वाटतं परीक्षा आमच्याकडून दिलेलीच नाही. मध्ये अर्जाची तारीख निघून जाते.

म्हणून आम्ही सत्काराची यादी फाईलला लावून बंद करणं सोडलं. तीच यादी दर सप्टेंबरला केंद्रप्रमुखांच्या बैठकीत वाचायची. नाव, सध्याची शाळा, नूतनीकरण झालं की नाही. बैठकीतला हा सगळ्यांत कंटाळवाणा अर्धा तास. पण ज्याच्या गळ्यात आपण हार घातला त्याचे पैसे खात्यात आले का, हे विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

६. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस जपून द्यावं

बीडमध्ये शाळेचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, उसावर चालतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये बसून निघतात. पश्चिम महाराष्ट्र, काही कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. त्यांच्याबरोबर पोरंही जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. अशा गावात वार्षिक स्नेहसंमेलन जानेवारीत होतं, बक्षिसांच्या याद्या डिसेंबरात होतात. मग बक्षिसं कोणाला मिळणार? ज्यांचे आईबाप गावात आहेत त्यांना. वर्षानुवर्षं स्टेजवर तीच घरं दिसायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

हंगामी वसतिगृह हा त्यावरचा सरकारी उपाय. पोरं गावात आजी-आजोबांकडे राहतात आणि त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. कागदावर किती मुलं थांबली हा आकडा मुख्याध्यापकाच्या यशाचा मानला जातो. मी या आकड्यावर विश्वास ठेवायचो नाही. संध्याकाळी सात वाजता, जेवणाच्या वेळी जाऊन ताटं पाहायचो. जिथं पाटावरची मुलं आणि पटावरची मुलं जुळायची, तिथल्या मुख्याध्यापकाचं नाव पुढच्या शिक्षण परिषदेत सर्वांसमोर घ्यायचं. तेवढं एक वाक्य, बाकी काही नाही. त्याचा परिणाम परिपत्रकापेक्षा लवकर झाला.

हजेरीचं बक्षीस आम्ही बदललं. मूल जितके दिवस गावात होतं, तितक्या दिवसांतली हजेरी धरायची. कारखान्याच्या तळावर ज्या शाळेत बसलं तिथला दाखला आणला तर ते दिवसही धरायचे. आणि बक्षीस एप्रिलमध्ये द्यायचं, पोरं परतल्यावर. पहिल्याच वर्षी सहावीतली एक मुलगी उभी राहिली. ती तीन महिने तळावर होती, धाकट्या भावाला सांभाळत जवळच्या शाळेत बसायची आणि तिथल्या गुरुजींकडून सहीचा कागद घेऊन आली होती. तो घामानं चिकटलेल्या दप्तरात घड्या घालून ठेवलेला. यादीतली पहिली तीच.

त्याच कार्यक्रमात चार नातवंडं सांभाळणाऱ्या एका आजींना साडी द्यायचं ठरलं. आजींनी माइक मागून घेतला आणि म्हणाल्या, ‘साडी नगं, सायब. वसतिगृहाचं तेल-मीठ येळेवर येऊ द्या.’ पोरं खदाखदा हसली. व्यासपीठावर कोणी हसलं नाही. अनुदान त्या वर्षी उशिरा आलं होतं आणि मुख्याध्यापकांनी किराणा उधारीवर भरला होता. त्या उधारीच्या पावत्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मागवून घेतल्या.

७. आदर्श शिक्षक आपला प्रस्ताव करत नाही

5 सप्टेंबर जवळ आला की जिल्हा पुरस्कारांचे प्रस्ताव येतात. रंगीत फाईल, कात्रणं, प्रमाणपत्रं, झाडं लावतानाचे फोटो. राष्ट्रीय पुरस्कारासाठीसुद्धा 2018 पासून शिक्षकांना स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यामागचा हेतू चांगला आहे, शिफारशीची वशिलेबाजी कमी व्हावी हा. पण आपलं कौतुक आपणच टाइप करायचं, हे चांगल्या शिक्षकांपैकी अनेकांना जमत नाही आणि जमत नाही म्हणून ते वाईटही ठरत नाहीत. मी केंद्रप्रमुखांना सांगितलं, फाईल करणारे करतील, तुम्ही प्रत्येकानं फाईल न करणाऱ्या एकाचं नाव आणा आणि त्याचे कागद तुम्ही गोळा करा. त्यांच्यातल्या सगळ्यांना पुरस्कार मिळाले नाहीत. काहींनी तर कागद द्यायलाच नकार दिला.

परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळीकडे दहा लाख डॉलरची चर्चा झाली. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली. आमच्या शिक्षण परिषदेत याच गोष्टीवर सर्वांत जास्त वाद झाला. अर्धे म्हणाले मोठं मन, अर्धे म्हणाले मी नसते दिले. वाद होऊ दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस तिथवर पोचतो, यावर कोणालाच वाद घालायचा नव्हता.

८. सर्वांत चांगला सत्कार लेखा शाखेत होतो

बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी, आजारपणाचं वैद्यकीय देयक. ही प्रकरणं वेळेत निघाली तर शाल नाही दिली तरी चालते. दर शुक्रवारी सकाळी मी लिपिकांबरोबर बसून सर्वांत जुनं प्रलंबित प्रकरण आधी घ्यायचो, ओळखीचं नाही. आणि लिपिकाचंही कधी नाव घ्यावं की. ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

९. निरोप 31 मेला देऊ नये

आमच्या पिढीतल्या निम्म्या गुरुजींचा जन्म 1 जूनचा. खरा नव्हे. शाळेत घालताना त्यांच्या गुरुजींनी दाखल्यावर लिहिलेला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे 31 मे. त्या दिवशी शाळांना सुट्टी. गावात ऊन, पटांगणात चिटपाखरू नाही. चौतीस-पस्तीस वर्षं मुलांत काढलेल्या माणसाला पंचायत समितीच्या सभागृहात, पंख्याखाली, एकाच दिवशी दहा-बारा जणांच्या रांगेत उभं करून श्रीफळ दिलं जायचं. एकही मूल नाही.

आम्ही तो कार्यक्रम एप्रिलमध्ये, शाळा सुरू असताना, ज्याच्या त्याच्या शाळेत हलवला. पाहुणे नकोत, भाषणं नकोत. निवृत्त होणाऱ्यानं एक तास घ्यायचा आणि आम्ही मागं बसायचं. पेन्शनच्या कागदांची स्थिती त्याच दिवशी त्यांच्या हाती द्यायची. कुठल्या टेबलावर फाईल आहे, काय राहिलंय. कोणी गोष्ट सांगितली, कोणी कविता म्हणून घेतली. एका गुरुजींनी चौथीला भागाकार घेतला, नेहमीसारखाच, आणि तास संपताना पाच उदाहरणांचा गृहपाठ दिला. एका पोरीनं हात वर करून विचारलं, ‘गुरुजी, तपासणार कोण?’ गुरुजी म्हणाले, ‘घर माहीत आहे ना माझं? वही घेऊन ये.’ पोरी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गेल्या. गुरुजींनी चौघींना परत सोडवायला लावलं.