लेझरच्या आधी

पालकहो, लेक ‘मला केस काढायला लेझर करायचंय’ म्हणाली, की घरात सहसा दोनच गोष्टी होताना मी बघते. एक तर ‘या वयात कसले हे नखरे’ म्हणून विषय तिथेच संपतो, नाही तर सुट्टी संपायच्या आत उरकून टाकू म्हणून जवळच्या क्लिनिकमध्ये सगळ्या सिटिंगचे पैसे एकदम भरले जातात. मधलं एक काम राहूनच जातं. तिला जवळ बसवून विचारायचं, की कोण काय बोललं?

कारण १४-१५व्या वर्षी हे आपलं आपण क्वचितच सुचतं. वर्गात कुणीतरी ‘मिशीवाली’ म्हटलेलं असतं. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचे गुण राहिले बाजूला, लोक तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवर तोंडसुख घेत होते. ते सगळं आपल्या मुलींनीही मोबाइलवर वाचलंच असेल. आणि कधी कधी बोलणारं माणूस घरातलंच असतं. एका आईने माझ्यासमोर मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड दिव्याकडे वळवलं, “बघा ना डॉक्टर, अगदी बापाच्या वळणावर गेलीये.” मुलगी गप्प. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा टॉप घातलेला, बाह्यांची टोकं मुठीत घट्ट धरलेली. तिच्या गालांवर नुसती लव होती.

लव आणि राठ केस यांतला फरक आधी ओळखा. हातापायांवरची, गालांवरची मऊ लव घराण्यातूनच येते. तो आजार नव्हे. पण हनुवटी, जबड्याची कड, छाती, बेंबीखालची रेघ इथे काळे, राठ केस येत असतील, जोडीला पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, मुरमं हटत नसतील, तर पीसीओएस हा हार्मोन्सचा विकार असू शकतो. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष-दोन वर्षं ती मागेपुढे होतेच, तेवढ्यावरून घाबरू नका. मात्र राठ केस आणि लांबणारी पाळी अशा दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर लेझरच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोन्सचे डॉक्टर गाठा. आतलं कारण तसंच राहिलं, तर आजचे केस जातील आणि नवे येत राहतील.

लेझरचा प्रकाश केसाच्या मुळातलं काळं रंगद्रव्य शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजून निघतं. तेच रंगद्रव्य कातडीतही असतं! म्हणून गव्हाळ-सावळ्या त्वचेवर चुकीचं मशीन किंवा जास्त मात्रा पडली, तर भाजल्याचे डाग महिनोन् महिने जात नाहीत. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित. कातडीतल्या रंगद्रव्यात ते कमी शोषलं जातं. मशीन कोणतं, चालवणार कोण, आधी छोट्या जागेवर करून बघणार का, हे बेधडक विचारा.

शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, आणि लेझर लागू पडतं ते वाढत्या केसांना. म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने ६ ते ८ सिटिंग लागतात. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे म्हणून धावत येणाऱ्या घरांना हे पटवणं फार जड जातं. केस पुष्कळ कमी होतात, बारीक होतात. पुन्हा एकही येणार नाही असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा.

चेहऱ्यावरच्या मऊ लवेवर तर लेझर मारूच नका. तिथे कधी कधी उलटंच होतं, लव जाड आणि काळी होऊन येते. त्या मुलीला मी नको म्हणाले ते यामुळेच.

लेझरचा निर्णय होईपर्यंत रेझर वापरायला हरकत नाही. रेझरने केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे हाताला खरखरीत लागतं, इतकंच. पुढे लेझर करायचंच ठरलं, तर आधीचा महिनाभर वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद ठेवा, कारण मूळच उपटलं तर लेझर काम कशावर करणार?

शक्य असेल तर हार्मोन्स जरा स्थिरावू द्यावेत, असं माझं मत आहे. पण मुलगी शाळा बुडवू लागली असेल, गॅदरिंगमधून नाव काढून घेत असेल, तर ‘१८ पूर्ण होऊ दे’ म्हणत थांबू नका. तिला घेऊन या, आणि डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या.