मुलांचा सामना, पालकांचा पारा

जयंतीच्या स्पर्धा आणि सुट्टीतली मैदानावरची कबड्डी आपल्या वस्त्यांना नवी नाही. मुले खेळतात ही आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण एक दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. बारा वर्षांचा मुलगा चढाईत बाद होतो, पंच शिट्टी वाजवतो आणि बाहेरून वडील ओरडतात, "ए पंच, डोळे फुटले का?" समोरच्या संघाची आई उठते, कोणी मैदानात शिरतो आणि मुले मधोमध उभी राहून मोठ्यांकडे बघत बसतात. आमच्यापैकीही काहीजण असे ओरडलो आहोत, म्हणून हा विषय घेतला आहे.

मुलाच्या शरीरात काय होते?

भीती वाटली की छातीत धडधडते, श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, स्नायू ताठ होतात. खेळताना थोडा ताण असतोच. पण घरच्या माणसाचा आरडाओरडा ऐकला की मुलाचे लक्ष समोरच्या खेळाडूवरून सुटून बाहेर जाते. लक्ष सुटले की पकडीत वेडेवाकडे पडून लागण्याची भीती असते. दुसरा धोका असा की, रागाच्या धाकाने मूल दुखणे लपवते.

डोक्याला मार लागला तर हे लपवणे जिवावर बेतू शकते. चक्कर, उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, विसंगत बोलणे ही धोक्याची चिन्हे आहेत. असे काही दिसले तर पंचाने मुलाला बाहेर काढावे. त्या दिवशी ते पुन्हा खेळणार नाही. "काही नाही झालं, ऊठ" म्हणणाऱ्या पालकाचे पंचाने ऐकू नये. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, गरज पडल्यास १०८ ला फोन करावा.

वाद कुठवर जातो?

डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधील अल्मेर येथे मुलांच्या फुटबॉल सामन्यानंतर रिचर्ड न्यूवेनहाउझेन या रेषापंचाला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते स्वतः एका खेळाडूचे वडील होते आणि हौसेने पंचाचे काम करत होते. या प्रकरणात किशोरवयीन खेळाडूंबरोबर एका खेळाडूच्या वडिलांनाही शिक्षा झाली. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातले सारे हौशी फुटबॉल सामने रद्द करण्यात आले.

पंच आणि आयोजकांनी काय करावे?

१. सामन्याआधी दोन्ही संघांच्या पालकांना नियम सांगा: टाळ्या चालतील, शिवी चालणार नाही, मैदानात पाऊल नाही.

२. रेषेपासून थोडे मागे दोरी बांधा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये सुरू केलेल्या 'रिस्पेक्ट' मोहिमेत प्रेक्षकांसाठी हाच उपाय केला जातो.

३. कबड्डीत कार्ड दाखवता येते ते खेळाडू आणि प्रशिक्षकाला. पालकाला कार्ड नाही. म्हणून पंचाने गर्दीशी वाद घालू नये. खेळ थांबवावा, त्या संघाच्या प्रशिक्षकाला बोलवावे आणि पालकाला समजावण्याचे काम त्याच्यावर सोपवावे.

४. बोलताना आवाज खाली ठेवा. "दादा, मुलं घाबरली आहेत, दोरीमागे या" एवढे पुरे. चारचौघांत अपमान केला तर माणूस आणखी चिडतो.

५. तरीही ऐकले नाही तर आयोजकांनी त्यांना बाहेर न्यावे. ते जाईपर्यंत खेळ सुरू करू नये. मारामारी होईल असे वाटले तर मुलांना आधी एका बाजूला न्या, सामना बंद करा, ११२ ला फोन करा.

६. निकालावर हरकत असेल तर ती संघाच्या कप्तानाने किंवा प्रशिक्षकाने ठरलेल्या पद्धतीने घ्यावी.

आणि आपण पालकांनी?

आपल्या स्पर्धेतला पंच बहुतेक वेळा वस्तीतलाच एखादा तरुण असतो. त्याच्याकडून चूक होऊ शकते. पण शिव्या खाऊन तो पुढच्या वर्षी आला नाही, तर नुकसान आपल्याच मुलांचे आहे. राग आला तर दोरीपासून दहा पावले मागे जा, पाणी प्या, दोन-चार दीर्घ श्वास घ्या.

घरी जाताना मुलाला "का हरलास?" असे विचारू नका. दोनच प्रश्न विचारा: "मजा आली का? कुठे लागलं का?" दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला हवे असेल, तर मुलाला आपली भीती वाटता कामा नये.