नववी-दहावीत खेळ बंद करू नका

जून महिन्यात मूल नववीत गेले की वस्तीतल्या बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येते, "आता खेळ पुरे, अभ्यासाला लाग." मुलगी असेल तर त्याला आणखी एक वाक्य जोडले जाते, "आता ती मोठी झाली." दोन्ही वाक्ये काळजीपोटीच बोलली जातात. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी दहावीला बसणार आहे, त्या घराला गुणांची धास्ती वाटणारच. पण ज्या वयात आपण खेळ थांबवतो, नेमक्या त्याच वयात शरीराला खेळाची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी समजून घेऊ. या वयात खेळ का हवा, हायस्कूलच्या मुलांना काय काय मिळू शकते, आणि खेळणाऱ्या मुलाची तब्येत घरी कशी सांभाळायची.

१. या वयात शरीरात काय घडते

माणसाच्या हाडांची बहुतेक मजबुती अठरा-वीस वर्षांपर्यंत तयार होते. त्यानंतर हाडांत भर फारशी पडत नाही, असलेले टिकवावे लागते. धावणे, उड्या मारणे, ओढणे-ढकलणे यांमुळे हाडांवर ताण येतो आणि त्या ताणानेच ती घट्ट होतात. चौदाव्या वर्षी खो-खो सोडलेल्या मुलीला त्याचा तोटा लगेच कळत नाही. पुढे बाळंतपणे, धुणीभांडी, ओझी उचलणे हे सगळे त्याच हाडांवर येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार भारतातल्या ११ ते १७ वयोगटातील चारपैकी जवळपास तीन मुलामुलींची एवढी हालचाल होत नव्हती. घरकाम केले म्हणजे व्यायाम झाला, असे आपण मुलींच्या बाबतीत म्हणतो. पण भांडी घासताना छाती भरून श्वास लागत नाही, उडीही मारली जात नाही. घरकाम खेळाची जागा घेऊ शकत नाही.

आता अभ्यासाचे पाहू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली शाळेतला व्यायाम आणि अभ्यास यांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या निम्म्या तुलनांत व्यायामाचा संबंध चांगल्या गुणांशी, एकाग्रतेशी किंवा वर्गातल्या वागणुकीशी दिसला. उरलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत काही फरक दिसला नाही. वाईट परिणाम दोन टक्क्यांहूनही कमी तुलनांत आढळला. म्हणजे रोजच्या एका तासाच्या खेळाने दहावी बुडत नाही. रात्री एकपर्यंत मोबाईल पाहिल्याने आणि अपुऱ्या झोपेने मात्र बुडू शकते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते.

२. हायस्कूलमध्ये काय काय मिळते

महाराष्ट्रात नववी-दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय आहे आणि त्याची श्रेणी दिली जाते. म्हणजे खेळाचा तास हा वेळापत्रकाचाच भाग आहे. तो तास दुसऱ्या विषयासाठी घेतला जात असेल तर पालक-शिक्षक सभेत नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

शालेय क्रीडा स्पर्धा: राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पातळ्यांवर या स्पर्धा होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. नववी-दहावीची बहुतेक मुले १७ वर्षांखालील गटात बसतात. नाव शाळेकडूनच जाते, घरून परस्पर जात नाही. म्हणून शाळा सुरू झाल्यावर लगेच क्रीडाशिक्षकांना भेटावे. जन्मतारखेचे कागद आणि आधार यांवरचे नाव एकसारखे आहे का तेही तपासावे. खेळात तयार असलेले मूल नुसत्या कागदामुळे बाहेर राहू नये.

कोणता खेळ? कबड्डीला सात जण आणि आखलेले अंगण पुरते. खो-खोला मैदानात नऊ जण आणि दोन खांब लागतात. धावणे, लांब उडी यांना तेवढेही लागत नाही. महागडे साहित्य नसलेल्या घरातून याच खेळांतून मुले वर आली आहेत. धाराशिवची सारिका काळे गरिबीतून खो-खो खेळत भारतीय संघाची कर्णधार झाली आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे.

एनसीसी आणि स्काऊट-गाईड: सर्वच शाळांत एनसीसी नसते. जिथे आहे तिथे ज्युनिअर विभागात आठवी-नववीची मुलेमुली दोन वर्षे शिकतात आणि 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा देतात. कवायत, शिबिर, प्रथमोपचार हे सगळे त्यात येते. स्काऊट-गाईडमध्येही प्रथमोपचार आणि सेवाकार्य असते.

मैदानाबाहेरचे उपक्रम: प्रत्येक मुलाला धावणे जमेल किंवा आवडेल असे नाही. बुद्धिबळ आणि कॅरम हेही शालेय स्पर्धांत आहेत. चित्रकलेसाठी शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा असतात. वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, गायन, नाटक यांनी मूल चारचौघांत बोलायला शिकते आणि मनावरचा ताण हलका होतो. तेही आरोग्यच आहे.

याचा उपयोग पुढे काय, असे घरातले वडीलधारे विचारतात. दहावीच्या निकालात खेळ आणि रेखाकला परीक्षा यांसाठी ठरलेल्या अटींवर सवलतीचे गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. पण हे वरच्या पातळीवर पोहोचलेल्या थोड्यांना मिळते. निरोगी शरीर मात्र खेळणाऱ्या प्रत्येकाला मिळते. ते डोळ्यांसमोर ठेवूनच मुलाला खेळू द्यावे.

मैदान आपल्या लोकांना कधीच सहज मिळालेले नाही. १८७६ साली जन्मलेले पळवणकर बाळू पुण्यात युरोपियन क्लबचे मैदान सांभाळत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. पुढे हिंदू संघातून खेळताना त्यांना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात दिला जाई. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. आज शाळेच्या मैदानावर आपल्या मुलामुलीचा हक्क आहे. तो वापरला नाही तर असून नसल्यासारखाच.

३. खेळणाऱ्या मुलाची तब्येत

खाणे: शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंतच मिळते. नववीपासून ते बंद होते आणि नेमकी त्याच वेळी भूक वाढते. सकाळी नुसता चहा-बटर खाऊन मूल शाळेत जाते आणि संध्याकाळी सरावात त्याला चक्कर येते. त्याला खेळ झेपत नाही असे आपण म्हणतो. खरे तर ते उपाशी असते. डब्यात भाकरी-भाजी द्यावी. सरावाआधी शेंगदाणे-गूळ, फुटाणे किंवा केळे द्यावे. मोडाची मटकी, अंडे, सुकट, नाचणीची भाकरी, पालेभाजी यांतले जे परवडेल ते आठवड्यात फिरते ठेवावे. मुलाच्या ताटात जे पडते तेच मुलीच्याही ताटात पडले पाहिजे.

रक्त: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळले. लवकर दम लागणे, पाय गळून जाणे, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसणे ही लक्षणे. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळपट होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जेवणात लिंबू पिळावे, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, कारण चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. जंताची गोळीही चुकवू नये.

सिकलसेल: विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो, म्हणून हा भाग नीट वाचावा. आईवडिलांपैकी एकाकडून हा दोष आला तर मूल 'वाहक' असते. ते सहसा निरोगी असते आणि खेळू शकते. पण कडक उन्हात, पाणी न पिता, दमल्यावरही जबरदस्तीने धावणे त्याला धोक्याचे ठरू शकते. दोघांकडून दोष आला तर तो 'आजार' असतो. हातपाय, छाती किंवा पोटात असह्य कळा, वारंवार कावीळ, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. अशा मुलाने किती आणि काय खेळावे, लोहाची गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. खेळाच्या निमित्ताने घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करून घ्यावी आणि अहवाल क्रीडाशिक्षकांना सांगावा. वाहक असणे ही लपवण्याची गोष्ट नाही. लपवल्याने मैदानावर मुलाच्या जिवाला धोका होतो.

पाळी: पाळीत खेळल्याने अपाय होत नाही, पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. हलक्या व्यायामाने पोटदुखी बऱ्याच जणींना कमी वाटते. त्या दिवशी नको वाटले तर मुलीने विश्रांती घ्यावी, पण ते तिने ठरवावे. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल किंवा रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

ऊन, पाणी, दुखापत: मार्च ते जूनमध्ये सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर असावा. थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. उन्हात खेळताना मूल बरळू लागले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पाय मुरगळला तर लगेच चोळू नये, मालिश करू नये. विश्रांती, बर्फ कापडात गुंडाळून शेक, पट्टी आणि पाय उंच ठेवणे एवढे करावे. पाय टेकवताच येत नसेल तर एक्स-रे काढावा. डोक्याला मार लागल्यास त्या दिवशी खेळ बंद, आणि उलटी झाली किंवा गुंगी आली तर थेट दवाखाना. अनवाणी खेळणाऱ्यांना धनुर्वाताचा धोका असतो. १० व्या आणि १६ व्या वर्षीची टीडी लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

धावताना छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि मगच मैदानात उतरावे.

४. मुलीला पाठवताना

भीती वाटते म्हणून मुलीला घरी ठेवणे सोपे असते. पण भीतीचे कारण शोधून ते दूर करता येते. सराव अंधारापूर्वी संपतो का, संघाबरोबर बाई शिक्षक जातात का, शौचालय आहे का, हे विचारावे. वस्तीतल्या तीन-चार मुलींनी एकत्र जावे-यावे. पालकांनी आळीपाळीने सोबत करावी. कोणाचे वागणे खटकले तर घरी सांगायचे, तुला कोणी रागावणार नाही, हे मुलीला आणि मुलालाही आधीच सांगून ठेवावे. मदतीसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे.

या आठवड्यात करण्यासारखे

क्रीडाशिक्षकांना भेटून शाळेत कोणते खेळ व उपक्रम आहेत याची यादी घ्यावी. मुलाशी बोलून त्यातला एक ठरवावा. रोजचा एक तास खेळाला आणि अभ्यासाची ठरावीक वेळ अभ्यासाला, असे वेळापत्रक भिंतीवर लावावे. रक्ताची तपासणी करून घ्यावी.

रविवारी विहारात एकत्र बसल्यावर या प्रश्नांवर चर्चा करावी:

आपल्या वस्तीतल्या नववी-दहावीच्या किती मुली रोज खेळतात? ज्या खेळत नाहीत, त्यांनी कोणत्या वर्षी आणि कशामुळे सोडले?

किती घरांनी सिकलसेलची तपासणी केली आहे?

विहारासमोरची मोकळी जागा संध्याकाळचा एक तास मुलामुलींच्या खेळासाठी राखून ठेवता येईल का? त्या वेळी तिथे थांबण्याची जबाबदारी कोण घेईल?