एका आकड्याची चूक, कळवावी का?

प्रश्न : मी सोनगीरचा, धुळ्याला संगणक शिकतो. एका मोफत सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत 'रेंज (१, १०)' दिल्यास १ ते १० आकडे येतात असं छापलंय. चालवलं तर ९ वरच थांबतं. एवढ्याशासाठी त्यांना त्रास द्यावा का?

उत्तर : बेलाशक द्या. सोनगीरच्या तांबटाला भांडं गळतंय म्हटलं तर तो रागावत नाही, कुठून गळतंय ते विचारतो. इथेही तसंच आहे.

आधी पान कोणत्या आवृत्तीचं आहे ते बघा. शोधताना बरेचदा जुनंच पान हाती लागतं आणि नव्यात चूक केव्हाच सुधारलेली असते. तशी नसेल आणि प्रकल्प गिटहबवर असेल, तर मूळ फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करा. तुमच्या खात्यात प्रकल्पाची प्रत तयार होते. त्यात '१ ते १०' मधल्या १० चे ९ करा आणि बदलाचा प्रस्ताव पाठवा, बस्स. शेजारचं वाक्य खटकलं तरी आत्ता हात लावू नका, त्याचा प्रस्ताव वेगळा पाठवा.

प्रस्तावासोबत नुसतं 'चूक सुधारली' लिहू नका. शेवटची संख्या धरली जात नाही, अमुक आवृत्तीत चालवून पाहिलं, एवढं साध्या इंग्रजीत लिहा. व्याकरण कोणी तपासत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ तर आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीत १००! लोक तो वटवण्याऐवजी फ्रेम करून लावत. तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, पण बदलाच्या नोंदीत नाव राहील. दोनेक आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा.