सागरी प्रशिक्षणाची मान्यता : स्थगिती आणि रद्दीकरण

परदेशी बंदरात भारतीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र तपासले जाते, तेव्हा तपासणाऱ्याने त्याची प्रशिक्षण संस्था पाहिलेली नसते. त्याचा विश्वास असतो तो प्रमाणपत्र देणाऱ्या शासनावर. सागरी अभ्यासक्रमांना मान्यता देणे, ती स्थगित करणे किंवा काढून घेणे या अधिकाराचे मर्म येथेच आहे.

या विश्वासाचा आधार म्हणजे नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणन आणि जहाजावरील पहारा यांच्या मानकांविषयीचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार. 'एसटीसीडब्ल्यू' या नावाने ओळखला जाणारा हा करार १९८४ मध्ये अमलात आला. आरंभी पुष्कळशा बाबी 'प्रशासनाचे समाधान होईल अशा रीतीने' इतक्या सैल शब्दांत सोडल्या होत्या. त्यामुळे देशागणिक दर्जा बदलत असे. १९९५ च्या सुधारणांनी ही मोकळीक बरीच आवळली. प्रशिक्षण, प्रशिक्षक व मूल्यमापन यांवर गुणवत्ता-नियंत्रण आणि वेळोवेळी स्वतंत्र परीक्षण बंधनकारक झाले. २०१० मध्ये मनिला येथे करारात आणखी व्यापक सुधारणा झाल्या.

भारतात ही जबाबदारी मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाकडे आहे. मान्यता अभ्यासक्रमनिहाय दिली जाते, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. एकाच संस्थेचा अग्निशमनाचा अभ्यासक्रम थांबवून अन्य अभ्यासक्रम चालू ठेवता येतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, ग्राहकाला दर्जा ओळखता येत नसेल तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. सागरी शिक्षणात शुल्क आधी भरावे लागते. जीवरक्षक होडी खरोखर पाण्यात उतरवून सराव झाला की केवळ हजेरीपटावर सह्या झाल्या, हे विद्यार्थ्याला नंतरच कळते. सराव न देणाऱ्या संस्थेचा खर्च कमी, म्हणून शुल्कही कमी. मान्यता गमावण्याची खरीखुरी भीती नसेल तर प्रामाणिक संस्थाच तोट्यात जाते.

स्थगिती तात्पुरती असते : त्रुटी दूर होईपर्यंत नवे प्रवेश थांबतात. रद्दीकरणाने मान्यताच संपते. दोन्हींपूर्वी कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी ही नैसर्गिक न्यायाची अपेक्षा आहे. जीविताला धोका असेल तेव्हा मात्र आधी स्थगिती व नंतर सुनावणी हे समर्थनीय ठरते. अवघड प्रश्न आहे तो आधीच प्रवेश घेतलेल्यांचा. दोष संस्थेचा, पण वर्ष आणि कर्ज विद्यार्थ्याचे. त्यांना अन्य मान्यताप्राप्त संस्थेत सामावून घेणे आणि शुल्कपरतीची हमी या तरतुदी आदेशातच असाव्यात. त्या नसतील तर विद्यार्थ्यांच्या कळवळ्यापोटी कारवाईच लांबणीवर पडते आणि दोषी संस्थेला विद्यार्थ्यांची ढाल मिळते.

देशांतर्गत ढिलाईची किंमत बाहेर कशी मोजावी लागते, याचे उदाहरण जॉर्जिया. तेथील प्रशिक्षण व प्रमाणन व्यवस्थेतील उणिवांमुळे युरोपीय आयोगाने २०१० मध्ये त्या देशाच्या प्रमाणपत्रांची मान्यता काढून घेतली; ती २०१३ मध्ये परत मिळाली. फिलिपिन्सलाही युरोपीय तपासण्यांना अनेक वर्षे तोंड द्यावे लागले, आणि २०२३ मध्येच त्याची मान्यता कायम राहिली. तेथे टांगणीला लागले होते ते सुमारे पन्नास हजार नाविकांचे रोजगार. त्यांत उत्तम संस्थांतून शिकलेलेही होते.